चुकीच्या मागे

उल्हासने जहाजावरून उतरताना ते आणलं,
खोक्यात, सुटं सुटं:
दोन चाकं, तीन दोऱ्या, काळ्या धातूचे हात,
आणि माहितीची घडी, कोरियन भाषेत.
कंपाउंड धनुष्य, म्हणाला, आणि माळ्यावर टाकून
पुन्हा समुद्रावर निघून गेला.
मग एकदा फोनवर: "तू मशिनी जुळवतेस, तेही जुळवून ठेव.
डुकरांनी यंदा एक रताळं ठेवलं नाही."

मी शिवणयंत्रं दुरुस्त करते, मसुऱ्याच्या तिठ्यावर.
ताण माझ्या बोटांना कळतो.
वरचा दोरा जास्त ओढला की खालचा वर येतो,
कापड चुरगळतं,
आणि गिऱ्हाईक सुईला दोष देतं.

सड्यावर बंद पडलेली चिरेखाण आहे.
तिच्या तळाशी काथ्याची पोती रचली,
पुढे चौकट, चौकटीत ताणून बसवलेलं वर्तमानपत्र.
कागदातून जाताना बाण खोटं बोलत नाही.
सरळ गेला तर एक भोक, तीन पिसांच्या तीन चिरा.
पहिल्या दिवशी बोटभर फाट पडली, डावीकडे:
टोक वाटेवर, शेपूट रुसलेलं.
बाणाचं टेकण केसभर सरकवलं.
पुन्हा केसभर.
खाऱ्या हवेने स्क्रू धरून ठेवलेले;
त्यांना मशिनचं तेल, आणि एक चहा होईल इतका वेळ.
खालचं चाक आधी फिरायचं, वरचं मागून,
पालखीपुढे दोन ढोलांचं जमू नये तसं.
एका दोरीला दोन पीळ दिले.
सातव्या संध्याकाळी भोक गोल आलं,
वधू-वरांच्या पानात, कुणाच्या तरी उंचीच्या जागी.

जानू गावकर चिऱ्यावर येऊन बसायचा, बिडी न पेटवता.
ठासणीची बंदूक कधीच जमा केलेली,
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
"बाय गो, कागद पळणा नाय.
डुकर पळता. आणि पळता पळता तुज्याकडे बगता."

मग नेम. तीन टाचण्या एकाखाली एक:
हिरवी वीस पावलांची, पिवळी तिसाची, लाल चाळिसाची.
इथे दोन दिवस वाया गेले.
बाण डावीकडे लागला की माझा हात
टाचणी उजवीकडे न्यायचा,
कलंडणारी घागर सावरावी तसा,
आणि पुढचा बाण आणखी डावीकडे.
नियम उलटा निघाला.
बाण चुकेल तिकडेच टाचणी न्यायची.
चुकीच्या मागे जायचं, तिच्या शेजारी उभं राहायचं,
मग धनुष्य स्वतःच वळून येतं.
जानूला सांगितलं तर बराच वेळ गप्प राहिला.
"ह्या माका लगनाआधी कोणी सांगूक नाय."

शिमगा संपता संपता उल्हास आला.
खाणीत उतरला, दोरी गालापर्यंत ओढली,
आणि तीनही बाण वीतभर खाली, डावीकडे,
एकमेकांना चिकटून.
"काय करून ठेवलंस याचं?"
काही नाही. माझ्या हनुवटीशी जुळवलं होतं.
त्याची हनुवटी बाबांची, हात माझ्याहून चार बोटं लांब;
दोरी त्याच्या गालावर दुसऱ्याच गावाला पोचते.
तीन बाण एका जागी लागतायत, म्हटलं,
म्हणजे तू चुकत नाहीयेस,
तू फक्त मी नाहीयेस.

माझ्या जागेवर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता.
टाचण्या खाली घेतल्या, डावीकडे घेतल्या,
तो मारत गेला, मी सरकवत गेले.
अंधार पडायच्या आत त्याच्याही जागेवर ठिपका दिला,
दुकानातल्या व्हाइटनरचा.

परवाना अजून ओरोसच्या टेबलावर आहे.
डुकरं रोज साडेसातला खाणीत उतरतात,
काथ्याची पोती हुंगतात, एखादं फाडतात,
फाटलेल्या कागदावर चिखलाचे खूर ठेवून जातात.

उल्हास बोटीवर असला की टाचण्या लाल ठिपक्यावर.
तो यायच्या आदल्या दिवशी मी एलन की घेऊन बसते,
आणि पांढऱ्यावर नेते.
परत लालवर आणताना
प्रत्येक वेळी केसभर फरक राहतो.